पूजेला बसलेले चाक

कामतघरच्या नामाचा मुलगा लडकू, लडकूचा मुलगा पंढरी आणि पंढरीचा मुलगा दामू. यातले तिसरे नाव माझ्या यजमानांचे. पतीचे नाव तोंडाने घेण्याची आमच्याकडे रीत नाही. येथे घेतले, पुन्हा घेणार नाही.

दामू माझा एकुलता एक. १९७४ साली त्याने भिवंडीत टेमघरला नवे घर बांधले आणि घराच्या डाव्या अंगाला गॅरेज काढले. त्यात मोटार कधीच येणार नव्हती. बारा वर्षे दुसऱ्यांच्या कारखान्यांत उभे राहून त्याने कापडाच्या लूमचे सुटे भाग बनवले होते. आता त्याला लोखंड कातायला स्वतःचा लेथ हवा होता. कामाचे बाक कोणत्या खिडकीखाली असावे, हे मी ठरवले. दामू ऐकतो. आमच्या घरात ऐकतात.

लेथ जुना घेतला. विजेच्या मोटारीने एक मोठे चाक फिरायचे आणि चाकावरच्या चामड्याच्या पट्ट्याने लेथ चालायचा. ते चाक दामूने खारबावच्या भंगारवाल्याकडून आणले आणि भिंतीलगत, छातीच्या उंचीवर, लोखंडी बैठकीत बसवले. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो त्याचा गंज घासत होता. चाकाला सहा आरे होते. एक आरा मोडून पितळेने सांधलेला होता.

तो सांधा मी ओळखला. दामूच्या हातात चहा दिला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे चाक चंद्राशेठच्या भातगिरणीत होते आणि माझे यजमान ते चालवीत. खंडेनवमीला त्यांनी चाकाची पूजा मांडली. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावत नाही. चंद्राशेठ तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. ते आले आणि म्हणाले, "देव उद्याही बसेल. माल आज जायचाय." यजमानांनी हात जोडले. शेठने झेंडूची माळ स्वतः उचलून बाजूला टाकली. दुपारी पट्ट्याने यजमानांचा उजवा हात नेला, कोपराखाली चार बोटांवर.

पुढे ते नऊ वर्षे जगले. डाव्या हाताने जेवले. दामू पाया पडायला वाकला की ते भिंतीकडे पाहत, कारण आशीर्वादाला डावा हात कोणाच्या डोक्यावर ठेवत नाहीत. जाताना मला एवढेच म्हणाले, "पोराचं माझ्याकडं राह्यलं."

गॅरेजात काम सुरू झाले. आठवड्याने दामूने विचारले, "आये, चाकाला तू हात लावतीस काय?"

"मी कशाला लावू?"

त्याने दाखवले. चाकाच्या कडेवर तेलाचा पातळ थर होता आणि त्यात एक पंजा उमटला होता. दामूने आपला पंजा त्यावर धरला. खालचा बोटभर मोठा होता.

"असंल कुणाचा तरी," तो म्हणाला आणि फडक्याने पुसून टाकला. दुसऱ्या सकाळी तो तेथेच होता.

आमच्याकडे शुक्रवारी वीज नसते. लूम बंद असतात आणि सगळ्या भिवंडीला कान फुटल्यासारखे होते. अशाच एका शुक्रवारी भर दुपारी मी गॅरेजातून पट्ट्याचा आवाज ऐकला. पट्ट्याचा शिवलेला जोड चाकावरून गेला की टक् असे वाजते. मी दार उघडले. चाक सावकाश फिरत होते. मला पाहून थांबले.

त्यानंतर दामूची बाही पट्ट्यात ओढली गेली. तीन आठवड्यांत तीनदा. तिसऱ्या वेळी सदरा खांद्यापर्यंत फाटला आणि कोपराखाली चार बोटांवर लाल वळ उठला. तो हसण्यावारी नेत होता, पण जेवताना त्याचा घास सांडला. उजव्या हाताला मुंग्या येतात, म्हणाला.

मी त्याच दुपारी गॅरेजात गेले. दार लावून घेतले. पदर सावरून चाकासमोर उभी राहिले.

"हा घरचा आहे," मी म्हटले. "याला सोडा. ज्याच्याकडून यायचे आहे, त्याला मी आणते."

चाक अर्धा फेरा फिरले. टक्.

चंद्राशेठ आता बावन्न लूमचे मालक होते. दामू चांगला कारागीर आहे असा निरोप मी पाठवला. त्यांच्याकडून लूमचा एक दांडा बनवायला आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो तयार झाला.

"लेथवरून उतरवू नकोस," मी दामूला सांगितले. "आहे तशीच पूजा मांड."

"शेठला घाई हाय, आये."

"मला ठाऊक आहे."

खंडेनवमी शुक्रवारी आली. चाकाला माळ, लेथला हळदकुंकू. अकराच्या सुमारास शेठ आले. पांढराशुभ्र सदरा, बोटांत अंगठ्या.

"दामू, दांडा दे. संध्याकाळी वीज आली की लूम चालू करायचेत."

"आज न्हाय, शेठ. हत्यारं पूजेला बसल्यात. उद्या सकाळी घरी आणून देतो."

"देव उद्याही बसेल रे." ते माझ्याकडे वळले. "गिरणीत चाक चालवायचा, त्याच्या तुम्ही ना? ओळखलं मी. बिचारा. फार घाईचा माणूस होता."

मी दामूला म्हटले, "देवघरातून उदबत्ती आण."

दामू गेला.

"आम्ही हात लावणार नाही," मी शेठना म्हटले. "तुम्हाला हवा तर तुम्ही काढून घ्या."

"घेतो की. वीज नाही, भ्यायचं काय?" त्यांनी माळ उचलून बाजूला टाकली. दांड्यापर्यंत पोचायला पट्ट्यापलीकडे हात घालावा लागतो. त्यांनी घातला.

मी एक पाऊल मागे झाले.

टक्.

मग टक्, टक्, टक्, मोजता येऊ नये इतके.

दामू धावत आला तेव्हा चाक उभे होते.

शेठ वाचले. हात वाचला नाही. कोपराखाली चार बोटांवर, असे डॉक्टर म्हणाले. चौकशीला आलेल्यांनी विजेचे विचारले. संध्याकाळपर्यंत साऱ्या टेमघरात वीज नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी दामूने चाक धुतले. तेलात पंजा नव्हता. पुढेही कधी उमटला नाही.

हात पुसून तो ओसरीवर आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. कोरी पांढरी टोपी मीच त्याला सकाळी घडी मोडून दिली होती.

तिच्यावर तेलाचा पंजा होता. पाच बोटे, दामूच्या हाताहून बोटभर मोठी. उजव्या हाताची.