तेहतीस नंबरपुढचा बाण

हातमोजे वांग्याच्या वाफ्यात पडले होते. गोलकीपरचे, जाड रबराचे. विळ्यानं उभे कापलेले.

सकाळचे सात वाजत होते. कांताबाई धावतपळत शेतात पोचल्या, तेव्हा ताराचंद ते मोजे छातीशी धरून उभा होता.

"नयन नाई, म्याडम. आपलेच मोजे कापून टाकले त्यानं. खाट रिकामी हाय, मोबाईल घरीच टाकून गेला. साडेसहाले तुमाले अन् चंदनले फोन केला. तीन विहिरी पाह्यल्या आतापर्यंत."



कांताबाई वडनेरच्या शाळेत खेळ शिकवायच्या. वीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी पंच म्हणून शिट्टी वाजवली होती. भाजी पिकवणाऱ्या ताराचंदच्या मुलाला गोलपोस्टमध्ये पहिल्यांदा त्यांनीच उभं केलं. तो नागपूरच्या व्यावसायिक क्लबात निवडला गेला, तेव्हा गावानं फटाके फोडले होते. आणि आठ दिवसांपूर्वी त्याच गावानं त्याच्या दारावर शेण फेकलं.

क्लबचा निर्णायक सामना बरोबरीत राहिला आणि पेनल्टीवर गेला. पाचही वेळा नयननं चुकीच्या बाजूला झेप घेतली.

समोरचा कोण कुठं मारतो, याची चिठ्ठी गोलकीपरच्या पाण्याच्या बाटलीला चिकटवलेली असते. जर्सीचा नंबर आणि त्यापुढं बाण. नयन दर वेळी बाटलीकडे बघायचा, मग उडी घ्यायचा. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. पाचही बाण बरोबर होते. म्हणजे पोरानं जाणूनबुजून उलट उडी मारली, सामना विकला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आज तीन वाजता नागपूरला सुनावणी होती. हजर झाला नाही, तर जन्माची बंदी.

"काल काही बोलला का तो?"

"जेवला नाई. एकच सांगे. 'बाबा, नऊ नंबरपुढं उजवा बाण होता, मी माह्या डोळ्यानं पाह्यला.' मले काय समजते त्यातलं?"

कांताबाई थबकल्या. त्या पेनल्टी त्यांनी दहा वेळा तरी पाहिल्या होत्या. मारणाऱ्यांचे नंबर होते सात, अकरा, तेहतीस, पाच आणि वीस. नऊ नंबरनं पेनल्टी मारलीच नव्हती, आणि फोटोतल्या चिठ्ठीतही तो नंबर नव्हता.

दोघं घरी आले तर चंदन ओसरीवर बसलेला. नयनच्या आईला, रुख्माबाईंना, तो पाण्याचा पेला देत होता. क्लबात समोरच्या संघाचे व्हिडिओ बघून चिठ्ठी लिहिण्याचं काम त्याचंच. नयनचा जिवाभावाचा मित्र.

"कधी आला?" कांताबाईंनी विचारलं.

"आत्ताच. ताराचंदकाकांचा फोन आला, तशी पिपरी मेघेवरून गाडी हाणली."

"फोटोतल्या चिठ्ठीवरचं अक्षर तुहंच का?"

"माहंच."

"कधी लिहिली?"

"सामन्याच्या सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर. बाटलीले चिकटवून कैलासजवळ देल्ली. मंग मी वरच्या खोलीत व्हिडिओवर होतो." त्यानं आवाज खाली आणला. "म्याडम, त्या कैलासले विचारा. राखीव गोलकीपर हाय तो. नयन गेला तर जागा कोणाले भेटन?"

कांताबाईंनी कैलासला फोन लावला.

"बाटली तुझ्याजवळ होती?"

"हो म्याडम. पेनल्टीपर्यंत माझ्या बॅगेत होती. मी फक्त नयनच्या हातात दिली."

"आणि सामन्यानंतर?"

"चंदननं नेली. रेकॉर्डसाठी पाहिजे म्हणाला."

बाहेर माणसं गळ घेऊन चौथ्या विहिरीकडे निघाली होती. रुख्माबाईंनी तोंडात पदर कोंबला. कांताबाईंनी मोबाईल काढला. त्यांनी सामना लावला आणि या वेळी पेनल्टीवर न जाता मागे सरकवत राहिल्या.

ब्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्या नऊ नंबरच्या नाकावर कोपर बसलं. जर्सीवर रक्त. पंचानं त्याला बाहेर पाठवलं. दोन मिनिटांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या अंगावर राखीव जर्सी होती.

कांताबाईंनी मोबाईल चंदनपुढं धरला.

"याच्या पाठीवर नंबर कोणता हाय?"

"तेहतीस."

"अन् तुह्या चिठ्ठीत?"

"तेहतीसच," म्हणत चंदन उठून उभा राहिला.

"सकाळी हा नऊ नंबर होता," कांताबाई म्हणाल्या. "रक्ताची जर्सी घालून खेळता येत नाई, म्हणून तो तेहतीस झाला. हे सकाळी नाश्ता करताना तुले कसं कळलं? नयननं पाह्यली त्या चिठ्ठीत नऊच होता, कारण ती खरंच सकाळची होती. पण बाण उलटे होते. नयन चेहरा ओळखून नऊपुढचा बाण पाहे अन् तिकडं उडी मारे. सामना संपल्यावर तू बाटली नेली, सरळ बाणांची दुसरी चिठ्ठी लिहिली अन् तिचा फोटो फिरवला. पेनल्टी पाहून लिहिली, म्हणून तेहतीस पडलं. अक्षर तुहं, हे तूच आता बोलला."

"म्याडम, गडबडीत..."

"साडेसहाले फोन गेला, सातले तू या ओसरीवर. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेवरून वडनेर, पन्नासेक किलोमीटर, अर्ध्या तासात? तू इथंच कुठंतरी जवळ होता. नयन कुठं हाय?"

ताराचंदनं त्याची कॉलर धरली नाही. तो चंदनच्या पायाशीच बसला. "सांग बापा. जिवंत हाय का एवढंच सांग."

चंदन कोसळला.

"समोरच्या संघाच्या लोकाईनं मले मोठ्या क्लबात घेतो म्हटलं होतं... पहाटे मीच नयनले हिंगणघाटले नेलं. गेला तर पोलीस धरतीन म्हनून भेव घातला. तळेगावच्या एसटीत बसवून देल्लं, माह्या मावशीकडं. तो आला नाई का प्रकरण मिटलं असतं."

मावशीला, आनंदाबाईंना, फोन लावला. साडेनऊला त्यांचा उलट फोन आला. "गाडी येऊन गेली वो. त्यातून तुमचं पोरगं काई उतरलं नाई."

रुख्माबाईंनी हंबरडा फोडला. 

दहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"बाबा, कंडक्टरच्या फोनवरून बोलून राह्यलो. मी वाटेत वर्ध्यालेच उतरलो. आता नागपूरच्या गाडीत हाय. लपलो तर मीच चोर ठरतो न. माह्याजवळ पुरावा नाई, पण झालं ते सांगतो त्याईले."

ताराचंदनं फोन कांताबाईंपुढं धरला. कांताबाईंनी फोन घेतला.

"पुरावा हाय, नयन. चंदनले घेऊन आम्ही निघालो. एकटा आत जाऊ नको. दारात थांबजो."

एसटीच्या खडखडाटात नयनचा आवाज आला.

"म्याडम, तुमचा होता न माह्यावर भरवसा?"

आठ दिवस कांताबाईंनी त्याला एक फोन केला नव्हता. चार गल्ल्यांवर घर, पण पाय उचलला नव्हता. हो म्हणणं सोपं होतं.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "आजपासून हाय."