पंपावरच्या पिवळ्या रेघा

सर्वेअरबाईंनी इंजिनखोलीचं सील तोडलं आणि टॉर्च घेऊन एकट्याच खाली उतरल्या.

चार दिवसांपूर्वी याच प्रवासी बोटीचं इंजिन भर पाण्यात तापून बंद पडलं होतं. बोट वाहत जाऊन धक्क्यावर आदळली. एका म्हाताऱ्या प्रवाशाचं मनगट मोडलं. बंदर अधिकाऱ्यांनी लगेच खोलीला सील ठोकलं, आणि मालकीणबाईंनी अठरा वर्षांच्या जुन्या मिस्त्रीला त्याच दिवशी घरी बसवलं.

विमा कंपनीच्या सर्वेअरबाई सरळ पंपाकडे वळल्या. बाहेरचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवायचं काम त्याचं. झाकणाला सहा स्क्रू. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून झाकणावर उतरणारी एक बारीक पिवळी रेघ. दोन स्क्रूंच्या रेघा जुळत होत्या, चारांच्या तुटल्या होत्या.

त्यांनी झाकण काढलं. आतल्या रबरी चाकाला आठ पाती. त्यातल्या पाचांचे तुकडे झालेले. कंपनीचा शिक्का कुठेच नव्हता. चाक फडक्यात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकलं आणि कुणाशी चकार शब्द न बोलता त्या मिस्त्रीच्या घरी गेल्या.

"तुम्ही बाहेरचे पार्ट वापरता?"

"वापरतो की. ऑइल फिल्टर, पट्टे बाहेरचे चालतात. बाईंना सांगूनच घालतो. पण पंपाचं चाक कंपनीचंच. तिथे तडजोड नाही."

"अपघाताआधी, सोमवारी चाक बदललंत, तेव्हा कुठलं बसवलंत?"

"बाईंनी दिलेल्या सीलबंद डब्यातलं. दहा पात्यांचं."

"आणि ती पिवळी रेघ?"

"झाकण आवळून झालं की शेवटी ओढतो. स्क्रू सैल झाला तर लांबून कळतं."

"नंतर पुन्हा उघडलंत?"

"नाही. चावी सुकाणीदादांकडे दिली नि मुलीकडे गेलो, ती दवाखान्यात होती. परत आलो तो बोट आदळल्याच्या दिवशीच."

सुकाणीदादा म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. बोट तोच चालवायचा. सर्वेअरबाई ऑफिसात पोचल्या, तेव्हा तो बहिणीच्या शेजारीच बसला होता.

"मिस्त्रीशी तुमचं कसं होतं?" सर्वेअरबाईंनी विचारलं.

"कसं असणार? बोट माझ्या ताईची, नि शब्द त्याचा चालायचा. गेल्या वर्षी मी पंपाचं चाक आणलं, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, खेळण्यातल्या बोटीला लावा. दिलं परत दुकानात."

"अपघात कशामुळे झाला असं वाटतं?"

"वाटायचंय काय त्यात? कंपनीचं चाक लांबवलं नि आठ पात्यांचं फडतूस रबर घातलं. चोर आहे तो!"

मालकीणबाईंनी मान खाली घातली. "अठरा वर्षं घरच्यासारखं वागवलं हो."

सर्वेअरबाईंनी पिशवीतलं फडकं टेबलावर उलगडलं.

"हे पंपातलं चाक. सील मी आज तोडलं आणि हे अजून कुणालाही दाखवलेलं नाही. दादा, पाती आठ आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाजाने... बाहेरची तशीच असतात."

"बरं, तो अंदाज धरू. पण रेघांचं काय? मिस्त्री रेघ सगळ्यात शेवटी ओढतात. त्यांनीच हे बसवलं असतं, तर सहाही रेघा जुळल्या असत्या. त्यांच्यानंतर कुणीतरी झाकण उघडलं. तेव्हा चावी तुमच्याकडे होती. आणि मिस्त्रींनी नाकारलेलं चाक दुकानात परत गेलंच नाही. ते हे."

भाऊ बहिणीकडे वळला.

"ताई, मला कुणाला इजा करायची नव्हती गं. महिनाभर चालवून सगळ्यांसमोर झाकण उघडणार होतो. बघा म्हणणार होतो, माझं चाक चाललं की नाही. कंपनीचं माझ्या कपाटात तसंच ठेवलंय. तीन दिवसांत फाटेल असं वाटलं नव्हतं."

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या.

"चाक बदललंस, तो मूर्खपणा म्हणून सोडून दिला असता. पण चार दिवस माझ्या शेजारी बसून त्या माणसाला चोर म्हणत होतास. मी रडत होते, तर पाणी आणून देत होतास."

त्यांनी हात पुढे केला. भावाने खिशातून बोटीच्या चाव्या काढून दिल्या.

दुपारी मालकीणबाई मिस्त्रीच्या दारात उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. "चुकलं माझं. उद्यापासून या."

मिस्त्री आत गेला नि एक तेलकट वही घेऊन आला. इंजिनचा एकेक पार्ट त्याने लिहून ठेवला होता; कुठला कंपनीचाच हवा, कुठला बाहेरचा चालेल, कधी बदलायचा.

"नव्या मिस्त्रीला द्या. अडायचं नाही त्याचं."

"अहो, असं काय करता?"

"दादांचं मला काही वाटत नाही, बाई. त्यांचं नि माझं कधी पटलंच नाही. पण तुम्ही एकदा मला विचारायचं होतं. एकदाच."

वही त्यांच्या हातात देऊन तो आत वळला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्यांना बसा म्हटलं नाही.