पडायला लागणारा वेळ

चित्रफितीत कुणालाच चूक सापडत नव्हती, तरी ती पाहून उडी मारणाऱ्या निहारचं मनगट मोडलं. हे झालं कसं, हा प्रश्न साऱ्या कौमुदी वसाहतीला पडला होता. चित्रफीत बनवणारी केतकी मात्र कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

कौमुदी ही चंद्रावरची वसाहत. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना आपल्याकडे ओढणारं बळ) पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. त्यामुळे जिने फक्त चढण्यापुरते. उतरताना सगळे वरच्या मजल्यावरून खुशाल उडी मारत. पृथ्वीवर खुर्चीवरून उडी मारल्यावर बसेल तेवढाच धक्का बसे. नव्याने आलेल्या लहान मुलांना हे शिकवायला बालवर्गाच्या शलाकाताईंनी केतकीला हलत्या चित्रांची फीत करायला सांगितली. केतकीसुद्धा पृथ्वीवरून नुकतीच आलेली, पण संगणकावर चित्रं हलवण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

तिच्या फितीत एक निळा ससा उडी मारायचा, खाली टेकून बाजूला व्हायचा, टाळी वाजायची आणि दुसरा ससा उडी मारायचा. बालवर्गाने त्याच टाळीवर उड्या मारल्या. टाळी वाजली तेव्हा पहिली मुलगी अजून हवेतच होती. पण निहारने टाळी ऐकली आणि उडी घेतली. ती टेकून बाजूला होण्याआधीच तो तिच्या अंगावर आदळून कलंडला.

शलाकाताईंनी निहारच्या आईबाबांची माफी मागितली. फीत आपणच आधी तपासायला हवी होती, असं त्या म्हणाल्या. ते ऐकून केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ताईंनी तिला सांगितलं होतं, की आधी मुलं कशी उतरतात ते बघून ये. ती गेलीच नव्हती. ताईंनी विचारल्यावर मात्र ‘पाहिलं’ म्हणाली होती. ससा तिने पृथ्वीवर असताना केलेला होता. त्याची उडी जशीच्या तशी उचलली होती.

ती भोजनगृहात जाईनाशी झाली. मग एके दिवशी निहारचे आजोबा, भौतिकशास्त्रज्ञ डॉक्टर प्रभुदेसाई, तिच्या घरी आले. त्यांनी ससा पाहायला मागितला. तिने खाली मान घालून सांगितलं, की तो पुसून टाकलाय, आणि हे काम आता दुसऱ्या कुणाला द्या.

“दुसरा कुणी हीच चूक पुन्हा करेल,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, मी बघायला गेलेच नव्हते. ताईंना खोटं सांगितलं.”

“हे आधी त्यांना सांगून ये,” आजोबा म्हणाले. “मग आपण सशाचं बघू.”

ती गेली. शलाकाताई रागावल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा केतकीला कितीतरी दिवस दिसत राहिला.

ती परत आल्यावर आजोबांनी तिला भिंतीजवळ चेंडू सोडायला लावला आणि त्याचं चित्रण केलं. मग त्यातली चित्रं सुटी करून एकावर एक ठेवली. पडद्यावर एकाच चेंडूची रांग दिसू लागली, वर दाट आणि खाली विरळ.

केतकीला एवढं ठाऊक होतं, की फीत म्हणजे एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रं. आपण की-फ्रेम (हालचाल सुरू होते आणि संपते तिथली मुख्य चित्रं) काढायच्या आणि मधली चित्रं संगणकाने भरायची. पण मधली चित्रं किती आणि किती अंतरावर, हेही सांगावं लागतं. तिने रांगेतली अंतरं मोजली. पहिलं एक धरलं, तर पुढची तीन, पाच, सात अशी वाढत होती.

“पृथ्वीवरही अशीच वाढतात,” आजोबा म्हणाले. “फक्त तिथे प्रत्येक अंतर सहापट मोठं असतं.”

केतकीने हिशेब केला. त्याच उंचीवरून उतरताना पृथ्वीवरच्या सशाला जेमतेम एकोणीस चित्रं पुरत होती. इथे शेहेचाळीस लागणार होती. तिचा ससा दिसायला चंद्रावर होता, पडत मात्र पृथ्वीवर होता. चूक चित्रात नव्हतीच, ती दोन चित्रांच्या मधल्या अंतरात होती.

या वेळी ती उडीच्या जागी जाऊन उभी राहिली. प्लॅस्टर घातलेला निहारही तिथे होता. तो जवळ येऊन बसला आणि कोण कधी टेकतंय ते तिला सांगू लागला. नवा ससा सावकाश, तरंगत उतरला, आणि पुरता बाजूला झाल्यावरच टाळी वाजली. ताईंनी आधी मोठ्या माणसांकडून उड्या मारून घेतल्या, मगच ती फीत वर्गात लावली.

काही आठवड्यांनी मंगळावरच्या नव्या वसाहतीने तीच फीत मागितली. केतकीने ती पाठवली नाही. तिने उलट निरोप धाडला: “तुमच्याकडे वस्तू आमच्यापेक्षा लवकर पडतात. आधी तिथे एक चेंडू सोडा आणि त्याचं चित्रण मला पाठवा. ते पाहिल्याशिवाय मी काही करणार नाही.”