‘बाहेर’चा रकाना

सात भागिले दोन. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत उत्तर तीन, नव्यात साडेतीन.

१९९४ साली लालबागच्या एका लग्नात नवरीच्या स्वतःच्या चाळीतलं एकही माणूस जेवलं नाही.

संगमरवरात एक अक्षर कोरायला बारा मिनिटं लागतात. काना वेगळा.

जिथे गिरणीचं विणखातं होतं तिथे आता मोटारी उभ्या राहतात, जमिनीखाली तीन मजले.

हे सगळं मला २०१४ च्या एप्रिलमध्ये, एकाच आठवड्यात कळलं. मी माटुंग्याची, प्रोग्रॅमिंग करते. लालबागच्या त्या चाळीच्या तळमजल्यावर गिरणी कामगारांच्या समितीची खोली होती. ब्याऐंशीच्या संपात शेवटपर्यंत कामावर न गेलेल्यांची नावं चाळीच्या अंगणात दगडावर कोरायची होती. गिरणीची हजेरी एका फाइलमध्ये होती. गिरणीचे टाइमकीपर दत्तू यांनी हजेरीच्या मस्टरवरून ती टाइप केली, प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला. मग मस्टर रद्दीत गेले आणि पुढे दत्तूही गेले. त्यांचा प्रोग्रॅम नव्या पायथनवर आणायचं काम माझ्याकडे आलं.

अशा कामात मी एकाच मशीनवर भाषेच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवते, नवी ३.४, जुनी २.७. चाळीतल्या खोल्यांसारख्या, मध्ये भिंत. तोच प्रोग्रॅम, तीच फाइल प्रत्येकीत चालवायची. उत्तरं जुळली की काम झालं.

३.४

एक हजार एकशे सदतीस नावं आली. त्यात रघु परब होते, वर्षभर गैरहजर.

रघूंची मुलगी सुभद्रा माझ्या खुर्चीमागे उभी होती. मार्च ब्याऐंशीत एका सकाळी तिचे वडील डबा घेऊन बाहेर पडले ते परतलेच नाहीत. ती तेव्हा आठ वर्षांची होती. संप फोडून कामावर गेले, असं चाळीने ठरवलं आणि त्या घराशी बोलणं टाकलं. १९९४ चं लग्न तिचंच.

“आलं ना नाव? शामरावकाका, वाचा.”

समितीचे अध्यक्ष शामराव चष्मा पुसत राहिले. “मशीनला काय, जे घालशील ते ओकतं. मी फाटकावर उभा होतो गं. माझ्या समोरून आत गेला.”

“बत्तीस वर्षं तेच सांगताय.”

“मग काय दर वर्षी वेगळं सांगू?”

नावं कोरणारा कारागीर शुक्रवारी येणार होता.

२.७

एक हजार एकशे छत्तीस.

मला बरं वाटलं. दोन आवृत्त्यांत फरक सापडला की त्याचं कारणही सापडतं. भागाकार तपासला, यादीचा क्रम तपासला. बाकीची सगळी नावं अक्षरन् अक्षर जुळत होती. फक्त रघु परब नव्हते. त्यांच्या नावापुढे ९ मार्च १९८२ पासून रोज ‘हजर’ होतं.

फाइल उघडून त्यांची ओळ बोट ठेवून वाचली. तिच्यात ‘हजर’ हा शब्दच नव्हता.

हे मी सुभद्राला सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे खरं कुठलं?”

“अजून जुनी बसवून बघते.”

“बघा,” ती म्हणाली. “पण दगड एकदाच कोरतात.”

१.५

दत्तूंनी ज्या आवृत्तीत प्रोग्रॅम लिहिला ती बसवायला गुरुवारची दुपार झाली. त्यांचा मूळ प्रोग्रॅम, हात न लावता, चालवला.

रघूंच्या नावापुढे दोन रकाने जास्त आले. आत. बाहेर. प्रोग्रॅममध्ये असे रकाने कुठेच नव्हते.

आत : ६.५२. रोज.

बाहेर : रिकामं. रोज.

फाइल त्र्याऐंशीत संपते. ओळी संपेनात. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. दोन हजार चार. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. शेवटची ओळ त्याच दिवसाची होती, गुरुवारची.

प्रोग्रॅम घड्याळ वाचत नव्हता. मी दोनदा तपासलं.

शुक्रवारी सकाळी लवकर आले. शामरावांनी कुलूप काढलं आणि शेजारी बसले. पावणेसातला चालवला, शेवटची ओळ गुरुवारचीच. सहा एक्कावन्नला चालवला, तीच. एक मिनिट थांबले.

शुक्रवार. आत : ६.५२.

शामरावांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “पहिली पाळी सातला, सुटायची साडेतीनला. तो असाच यायचा. आठ मिनिटं आधी.”

दुपारी सुभद्रा आईला घेऊन आली. अंबिकाबाई, पंचाहत्तरीच्या. मी ३.४ आणि १.५ च्या उत्तरांचे दोन छापील कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी कागदांना हात लावला नाही.

“खंयच्या कागदात ते घराक येतत?”

मी दोन्ही पुन्हा पाहिले. एकात ते गिरणीत गेलेच नव्हते. दुसऱ्यात तिथून निघालेच नव्हते.

“कुठल्याच नाही, आजी.”

“मगे पयलो दगडार घाला.” त्यांनी दुसऱ्याकडे हनुवटी केली. “आणि ह्यो बंद करा. बत्तीस वर्षां झाली. सोडा तेंका आता.”

सुभद्रा शामरावांकडे बघत होती. शामरावांनी पहिला कागद उचलला, सही केली आणि बाहेर कारागिराला नेऊन दिला.

मी १.५ चं फोल्डर पुसायला घेतलं. मशीन म्हणालं, वापरात आहे.

मी काहीच चालू ठेवलं नव्हतं.

मशीन बंद करून सुरू केलं. वापरात आहे.

पुन्हा पुसलं. वापरात आहे.

अंगणात छिन्नीचा आवाज सुरू झाला. अंबिकाबाई पाय वर घेऊन शांत बसल्या होत्या.

साडेतीनला पुन्हा प्रयत्न केला. फोल्डर काही न विचारता गेलं.

मी सांगितलं नव्हतं, मशीनचा पडदाही त्यांच्या बाजूला वळलेला नव्हता. पण अंबिकाबाई उठल्या, पदर सारखा केला.

“चल गो सुभद्रा. चाय ठेवूक व्हयी.”

२००९ साली विणखातं पाडायला आलेले मजूर पहिल्या दिवशी काम न करताच परतले. ठेकेदाराच्या मुकादमाने डायरीत कारण लिहिलं आहे : आत पाळी चालू.