विहिणींचं विरजण

चांद्रवसाहतीच्या उत्तर घुमटातल्या किण्वन प्रयोगशाळेत डॉ. उज्ज्वला चौबळ यांनी तिसऱ्या टाकीचं झाकण उघडलं आणि पळी बुडवली. पळीतून दूध ओघळलं. कालही दूध, आजही दूध! उद्या त्यांच्या शाल्मलीचं लग्न. चंद्रावरचं पहिलंवहिलं मराठी लग्न, आणि वधूमायने अख्ख्या वसाहतीला श्रीखंडाचं आवतण देऊन ठेवलेलं. लग्नघराच्या आनंदावर विरजण पडलं म्हणावं, तर इथे विरजणच लागत नव्हतं.

"चोर सापडला," विषाणुतज्ज्ञ अन्वर मुजावर सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाले. "भक्षी विषाणू. आपल्या दह्याचे जीवाणू फस्त करतोय."

"शक्यच नाही! माझ्या जीवाणूंकडे कातर-विकर आहे. परका डीएनए आत शिरला की त्याचे तुकडे."

"कुठे कापतं ते?"

"आता या वयात माझी तोंडी परीक्षा घेणार?" उज्ज्वलाताई फणकारल्या, पण विषय लाडका, मग राहवतंय कुठे! "डीएनएवरून ते सरकत जातं. ठरावीक सहा अक्षरं दिसली की थांबतं. अक्षरं मोठी गमतीची. एक धागा या टोकाकडून वाचा, जोडीचा धागा त्या टोकाकडून वाचा, वाचन तेच! म्हणून विकराचे दोन जुळे भाग दोन्हीकडून पकडतात आणि दोन्ही धागे कच्चकन कापतात."

"आणि जीवाणूचा स्वतःचा डीएनए?"

"त्यातल्या त्या अक्षरांवर मिथाइलची टिकली लावलेली असते. टिकली दिसली की घरचं माणूस, विकर हात लावत नाही."

"मग ऐका बाई. या विषाणूच्या डीएनएवर तुमचीच टिकली आहे."

लाखांतला एखादा विषाणू कातरीच्या आधी टिकली लावणाऱ्या विकराच्या हाती लागतो, मुजावरांनी सांगितलं. तो वाचतो, आणि त्या घरात जन्मलेली त्याची सगळी पिलावळ टिकली लावूनच बाहेर पडते. मग तिला कोण अडवणार?

मटकन खाली बसायची सोय चंद्रावर नाही. उज्ज्वलाताई सावकाश खुर्चीत उतरल्या. विषाणू खोलीभर पसरलेला, नवं विरजण लावलं तरी तेच होणार. खोली निर्जंतुक करायची तर आठवडा हवा.

"दुसऱ्या घराची कातर आणा," मुजावर म्हणाले. "वेगळी अक्षरं ओळखणारी. ती आपल्या अक्षरांवर टिकली शोधेल. या चोरांकडे तिथे टिकली नाही. झालं काम."

दुसरं घर म्हणजे दक्षिण घुमटातली दह्याची प्रयोगशाळा. म्हणजे डॉ. वत्सला रेगे, म्हणजे नवऱ्या मुलाची आई! साखरपुड्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "उत्तरेकडचं दही जरा पातळच असतं, नाही?"

"आदल्या दिवशी व्याह्यांपुढे पदर पसरू? त्यापेक्षा पंगतीला दूध पाजेन!"

"पाजा. मी पेले विसळायला घेतो."

उज्ज्वलाताईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग शाल्मलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. बिचारी आठवडाभर ज्याला त्याला आईच्या श्रीखंडाचं कौतुक सांगत सुटली होती. गेला तो मान खड्ड्यात! त्यांनी शीतपेटीतून शुद्ध विरजणाची कुपी घेतली, कारण विहिणीकडे रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, आणि दार उघडलं.

दारात वत्सलाबाई उभ्या होत्या. चेहरा लाल, हातात तश्शीच कुपी.

"विहीणबाई, हसू नका हं," त्या पुटपुटल्या. "आमच्याही टाकीत दूधच आहे. आमचीच टिकली लावून बसलेत मेले विषाणू."

उज्ज्वलाताई हसल्या. पोट धरधरून हसल्या. मग वत्सलाबाईही हसायला लागल्या. कुप्यांची अदलाबदल झाली, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे सुरीने कापावं असं दही लागलं. चंद्रावर चक्का टांगून पाणी गळायची वाट पाहिली तर नातवंडाचं बारसं उजाडेल, म्हणून तो यंत्रात गरगर फिरवला.

लग्न थाटात लागलं. पंगतीत वत्सलाबाईंनी श्रीखंडाची तिसरी वाटी संपवली आणि रंगात येऊन जाहीर केलं, "आता दोन प्रयोगशाळा कशाला? एकच करू. एकाच जीवाणूत दोन्ही कातरी!"

"मुळीच नाही!" उज्ज्वलाताई ओरडल्या.

शाल्मलीचा घास हातातच राहिला.

"अहो, एखादा विषाणू त्यातूनही निसटलाच, तर त्याला दोन्ही टिकल्या लागतील. मग त्याला परका म्हणणारं अख्ख्या चंद्रावर कोण उरलं? आज तुमच्याकडे वाचलेल्याला तुमची टिकली लागते, पण त्याची माझी पुसली जाते. माझ्याकडे वाचलेल्याची तुमची पुसली जाते. म्हणून घरं दोनच हवीत, आणि कुप्यांची देवाणघेवाण चालूच राहायला हवी."

"किती दिवस?"

"चंद्रावर दही लागतंय तोवर. इथे सूर्य उगवला की तुम्ही माझ्याकडे या, पंधरवड्याने मावळला की मी तुमच्याकडे येते. चुकवायचं नाही."

वत्सलाबाई डोळे पुसत पंगतीकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळ्यांनी? आणि ही पोरं समजताहेत, लग्न त्यांचं लागलं!"