गफूरचाचाला वाचून दाखवलेलं

चहा येईस्तोवर सांगतो. त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. माझ्या मेहेकला शाळेत अँड्र्यू जॉन्सन या अमेरिकेच्या जुन्या अध्यक्षावर बोलायचं होतं. घरी पाहुणे, म्हणून दुपारच्या, जुहरच्या नमाजानंतर तिला शराफियातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात घेऊन आलो. जेद्दाच्या उन्हात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शटर अर्धं ओढलं आणि आत एकच दिवा लावला.

कोपऱ्यात गफूरचाचाचं पायमशीन झाकून ठेवलेलं होतं. चाचा दापोलीकडचा, माझा उस्ताद. ईदच्या आदल्या दिवशी त्याच मशीनवर त्यानं मान टाकली, त्याला दोन महिने झाले होते. त्याला अक्षरओळख नव्हती आणि फोनवरचं ऐकूही येत नसे. घरचे निरोप माझ्या फोनवर यायचे आणि मी शेजारी बसून ते मोठ्यानं वाचायचो. वाचन चालू तोवर त्याचे पाय चालायचे. मी थांबलो की तोही थांबायचा.

"अब्बा, ये तो टेलर था," मेहेक म्हणाली.

"मग मोठ्यानं वाच. दुकान शिंप्याचंच आहे."

ती वाचू लागली. जॉन्सन कधी शाळेत गेलाच नाही. लहानपणी तो शिवणकाम शिकत असताना लोक दुकानात येऊन वाचून दाखवायचे. नीट लिहायला शिकवलं ते बायकोनं, एलिझानं.

मला मशीनच्या तेलाचा वास आला. मग वर टाकलेल्या कापडाखाली खट्... खट्... पायडल हलत होतं. मेहेक पान उलटायला थांबली, तर तेही थांबलं. ती पुन्हा वाचू लागली. जॉन्सन अध्यक्ष झाला, त्याच्यावर खटला चालला, एका मतानं वाचला, शेवटी झेंड्यात गुंडाळून पुरला गेला. पायडल संथ, सवयीच्या लयीत चाललं होतं. खरं सांगू? मला भीती वाटली नाही. बरंच वाटलं.

"उसके छह महीने बाद उसकी वाइफ भी गुजर गई."

पायडल थांबलं. मेहेक पुढे वाचत राहिली, पण ते काही हललं नाही.

"अब्बा... वहाँ कौन है?"

"कुणी नाही. समोरच्या दुकानातून पाणी घेऊन ये."

ती गेली आणि मला कळलं, पायडल कशावर थांबलं ते. ईदच्या दोन आठवडे आधी चाचाच्या मुलाचा, तल्हाचा निरोप आला होता. 'मम्मी गेली. हुसेनमामू, अब्बांना तुम्हीच बेतानं सांगा.' अंगावर ईदच्या कपड्यांचं काम होतं. चाचा गावी गेला असता तर मी तोंडघशी पडलो असतो. ईद होऊ दे, म्हटलं. तोवर आमिनाचाचीचे निरोप मी मनानंच रचून वाचले. तब्येत बरी आहे, दारचा आंबा धरलाय. तो हसायचा आणि शिवायचा. आजही लाज वाटते मला.

मी फोन काढला आणि रिकाम्या स्टुलासमोर बसून तल्हाचा निरोप वाचला. तारखेसकट.

"माफ कर, चाचा..."

काहीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूप मीच उघडलं. किल्ली एकच आहे. चाचाच्या मशीनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. मशीनवर पांढरे, बिनशिलाईचे कपडे बेतून ठेवले होते. बाईचं कफन. त्याला पाच कपडे लागतात. मी तीनदा मोजले, चारच होते. डोक्याची ओढणी नव्हती.

तल्हाला फोन लावला. माझं खोटं सगळं कबूल केलं. शेवटी मी चाचरत विचारलं, "चाचीच्या कफनाची ओढणी... ती कुठली होती?"

"ती घरचीच घातली, मामू. अब्बांनी पूर्वीच मक्केच्या झमझमच्या पाण्यात धुवून पाठवली होती. बाकीचे चार कपडे इथं बाजारातून आणले." मग त्याचा आवाज खाली आला. "पण हे मी आणि मय्यतीला न्हाऊ घालणाऱ्या बाया सोडून कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"