बंद लॅपटॉपमधली टकटक

गोजाबाईचं कुणीच खरं मानलं नाही. पोलिसांनी नाही, कामगार ऑफिसातल्या साहेबाने नाही, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शालनबाईनेही नाही. रोज रात्री दोन चाळीसला कपाटातला बंद लॅपटॉप वाजतो, असं ती सांगायची. टक्... टक्... टक्... मग घर्र करून गप्प.

शालनबाई म्हणाली, "उंदीर असंल."

"उंदराला घड्याळ कळतं का गं?"

"पोरगं गेल्यापासून तुला झोप न्हाई. त्याचंच हे."

त्या दिवसापासून गोजाबाईने तिला वाटीभर साखरसुद्धा दिली नाही. अशी बाई. शाळा चौथीपर्यंत. बीडकडची. नवरा गेल्यावर कडेवरचं पोर घेऊन पुण्याजवळ कासारवाडीत आली आणि वीस वर्षं कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटून तिने ते पोर मोठं केलं. पहाटेच्या शिफ्टच्या चपात्यांसाठी अडीचलाच उठायची. म्हणजे दोन चाळीसला ती झोपेत नसायची, टक्क जागी असायची. हे सांगूनही लोक मान हलवायचे. वेड्या माणसासमोर हलवतात तशी.

पोराचं नाव रविराज. चाकणला एका लहान प्रेस-शॉपमध्ये ऑपरेटर होता. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून प्रेस खाली येतो, की झाला पार्ट तयार. हात आत असताना प्रेस येऊ नये म्हणून पुढे जाळी असते. ती जाळी मालकाने, सुरेंद्रशेठने, काढून कोपऱ्यात ठेवली होती. जाळीने माल कमी निघतो म्हणे.

दोन हजार तेवीसची खंडेनवमी, सोमवार. त्या दिवशी आपल्या या सगळ्या पट्ट्यात मशिनी पुसतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत मशीनला कुणी हात लावत नाही. कितीही घाईचा माल असो. रात्री नऊला रविराजचा फोन आला.

"आई, शेठने मला एकट्याला थांबवलंय. मालाचा लॉट सकाळी जायचाय. कुणाला कळू नये म्हणून बाहेरून कुलूप लावून गेले."

"पूजा झालेल्या मशीनवर? लाज वाटती का न्हाई त्याला?"

"अगं ऐक तर. प्रेस कधीचा खडखड करतोय, मेंटेनन्सवाला ऐकत नाही. म्हणून आज लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावून ठेवलंय. शेठ बोलले तेसुद्धा आलं बघ त्यात." हसत होता.

सकाळी शटर उघडलं तेव्हा प्रेस खाली अडकलेला होता आणि रविराजचे दोन्ही हात साच्यात होते. रात्रभर रक्त गेलं. लॅपटॉप टूलबॉक्सवरून खाली पडलेला. कागदावर आलं की कारखाना बंद होता, पूजा झाली होती, कामगार परवानगी न घेता आत शिरला, मशीन चालवलं, स्वतःच्या चुकीने मेला. म्हणजे पोर चोरही ठरलं आणि मूर्खही. लॅपटॉप चालू होईना, म्हणून पोलिसांनी तो डबा आणि चपलांबरोबर पिशवीत घालून तिच्या हातात दिला.

गोजाबाईला दुसरं काही नको होतं. सुरेंद्रशेठचा आवाज हवा होता. 'थांब आणि लॉट काढ' एवढे चार शब्द. ते कानावर पडले की कागद बदलावा लागेल.

जानेवारी संपता संपता तिने लॅपटॉप चपात्यांच्या फडक्यात गुंडाळला आणि स्टेशनजवळच्या शेखरच्या दुकानात नेऊन ठेवला. शेखर तिशी-पस्तिशीचा, हाताचा चांगला, भूतबीत न मानणारा. आजही तिथेच आहे, विचारून या. फक्त अंधार पडल्यावर दुकान उघडं ठेवत नाही.

"बॅटरी कुठाय, मावशी?"

"मीच काढून टाकली. पापडासारखी फुगली व्हती. तरी वाजायलाय."

"विजेशिवाय नाही वाजत."

"मला शिकवू नको. मी ऐकलंय तेच सांगायलेय."

शेखरने हार्ड डिस्क बाहेर काढली, पत्त्यांच्या जोडाएवढी, आणि तिला समजावून सांगितलं. आत आरशासारखी चकती फिरते. तिच्यावरून एक बारीक टोक पुढेमागे जातं आणि लिहिलेलं वाचतं. मार बसला की त्याला आपली जागा सापडत नाही. शोधायला जातं, परत येऊन आपटतं. टक् म्हणजे तेच.

"दुरुस्त हुईल?"

"दुरुस्त नाही होत. जाता जाता जेवढं काढून घेता येईल तेवढं आपलं. आणि मावशी, दर वेळी चालू केली की आणखी थोडी मरते."

तीन दिवस त्याने जीव तोडला. वायर बदलली. तळवड्याच्या भंगारवाल्याकडून तशीच जुनी डिस्क आणली, तिच्या पोटावरचं सर्किट काढून हिला बसवलं. डिस्क फिरेना, वाजेना. दगड. गुरुवारी, एक फेब्रुवारीला, त्याने हात टेकले.

"घेऊन जा, मावशी. पैसे नकोत."

"दिवसा कशाला बोलंल ती? रात्री दोन चाळीसला लाव."

"अहो मावशी..."

"तू पण त्यांच्यातलाच का?"

शेखर शरमला. म्हणाला, "या रात्री. पण दोन एकेचाळीसला मी घरी."

रात्री दोनला ती थर्मासमध्ये चहा घेऊन आली. शटर अर्धं खाली. लोणावळ्याकडे जाणारी मालगाडी धडधडत गेली, मग स्टेशन गप्प झालं. शेखरने डिस्क टेबलावर ठेवली. माहिती नेणारी वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि वीज देणारी वायर मुद्दाम काढून तिच्यासमोर ठेवली. बाईची समजूत पटावी म्हणून.

"बघा. वीज नाही. आता ही वाजली तर मी दुकान तुमच्या नावावर करीन."

"काय करू दुकान घेऊन?" गोजाबाईने कपात चहा ओतला. "पी. गार व्हईल."

दोन अडतीस.

दोन एकोणचाळीस.

शेखर चहा प्यायला वाकला...

टक्.

कप हातातच राहिला.

टक्... टक्...

"मावशी, हात लावला का?"

"माझे हात मांडीवर हायेत."

वायर टेबलावर सुटी पडली होती. डिस्क मात्र फिरत होती. त्याने बोट लावलं. आत थरथर. स्क्रीनवर डिस्कचं नाव आलं. तीन दिवस जे आलं नव्हतं, ते.

भीती वाटायला वेळच नव्हता, असं शेखर सांगतो. हात आपोआप चालले. कॉपी लावली. स्क्रीनभर चौकोन उमटू लागले. वाचलं ते हिरवं, मेलेलं ते लाल.

लाल. लाल. लाल.

"काय आलं?"

"थांबा."

लाल. लाल. शेवटच्या ओळीत थोडं हिरवं. मग डिस्क ओरडली. पत्रा पत्र्यावर घासावा तशी. आणि थांबली. कायमची.

"एक तुकडा मिळालाय. आवाज आहे. अकरा मिनिटं."

"शेठचा?"

"बघू."

त्याने लावलं.

आधी नुसती खरखर. मग प्रेस. धाड्... धाड्... धाड्. मध्येच ती खडखड, जी मेंटेनन्सवाल्याला ऐकू यायची नाही. रविराज काहीतरी गुणगुणत होता. दमलेला आवाज. गोजाबाई पुढे सरकली. पदर तोंडाला लावला.

शेठचा आवाज नव्हता. तो नऊ वाजताचा. लाल चौकोनांत गेला. हे फार नंतरचं होतं.

धाड्... धाड्...

मग फोन वाजला. साध्या बटणाच्या फोनची चिरकी रिंग.

ती ऐकताच रविराज दचकला असावा. "आं..." एवढंच आलं.

आणि धाड्.

त्यानंतर गुणगुणणं नव्हतं.

शेखरने गोजाबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. ही रिंग तिनेच दिलेली होती. रविराजची रात्रपाळी असली की ती उठल्यावर त्याला एक रिंग द्यायची, दोन चाळीसला, पोराला मशीनवर डुलकी लागू नये म्हणून. तो लगेच कट करायचा. म्हणजे मी जागा आहे. पाच वर्षं हे असंच. पैसे पडायचे नाहीत, बोलणं नाही. एक रिंग, एक कट. ही गोष्ट तिने पोलिसांना सांगितली नव्हती. शालनबाईला नाही. स्वतःशीही कबूल केली नव्हती.

त्या रात्री त्याने कट केला नाही.

रेकॉर्डिंग चालूच होतं. मोटारीची घरघर. तिच्याखाली कुणीतरी... कण्हत होतं. "आई..."

पुन्हा रिंग. तिला वाटलं होतं, झोपला. म्हणून तिने परत लावला. रिंग संपेपर्यंत वाजली.

"आई... आई गं..."

तिसरी रिंग. मग मात्र तिने ठेवून दिला होता. सणाची रात्र आहे, झोपू दे, असं म्हणून ती चपात्या लाटायला गेली होती. त्या पहाटे दोनशे वीस झाल्या.

"बंद करू, मावशी?"

ती स्क्रीनच्या आणखी जवळ सरकली.

अकरा मिनिटं संपली.

शेखर म्हणाला, "तुमचा काय दोष? जाळी त्याने काढली. कुलूप त्याने लावलं. पूजेच्या रात्री मशीन त्याने चालवायला लावलं."

"त्याचा आवाज कुठाय?"

"...नाही आला."

"मंग कुणाचा आला?"

शेखरने डिस्कची वायर काढली.

ती उठली. डिस्क फडक्यात बांधू लागली. गाठ बसेना. जिने पोलीस चौकीत हात आपटून साहेबाचं टेबल हलवलं होतं, तिला फडक्याची गाठ मारता येईना. शेखरला वाटलं, निदान मिळालेला तुकडा पेनड्राइव्हवर तरी देऊ. तो शोधायला त्याने फोल्डर उघडलं. अशा मेलेल्या डिस्कवरून निघालेल्या फाइलला नाव नसतं. नावं आधीच उडालेली असतात, प्रोग्रॅम आपला नुसता आकडा देतो. हजारदा पाहिलेलं.

आकडा नव्हता.

मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं. ज्या कॉम्प्युटरवर मराठी लिहायची सोयच नव्हती, त्यावर. शेखरने घाईने स्क्रीनवर हात धरला.

"सरक," ती म्हणाली.

"मावशी, नका..."

"चौथी शिकलेय मी."

तिने त्याचा हात बाजूला केला. अक्षराला अक्षर लावून, शाळेतल्या पोरीसारखं, मोठ्याने वाचलं.

"गो... जा... बा... ई."